खांद्याचे दुखणे : शस्त्रक्रियेची घाई नको, दुर्लक्षही नको



या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी एक पत्र मी तीनदा वाचले. कोकणातील एका गावातून एका भगिनीने ते लिहिले आहे. नाव छापू नये अशी तिची विनंती आहे. ती लिहिते :

“माझ्या अम्मीचे वय ५७. आठ महिन्यांपासून उजवा खांदा दुखतो. वरच्या फळीवरचा डबा काढता येत नाही, केस विंचरता येत नाहीत, नमाजला हात उचलतानाही कळ येते. रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. गोळ्या झाल्या, दहा दिवस मशीनचा शेक झाला. आता एमआरआय काढला आहे. सर्जन म्हणतात की हाड खाली आले आहे, शिरेला घासते, दुर्बिणीने घासून काढावे लागेल. खर्च दीड-दोन लाख. भाईजान कुवेतहून पैसे पाठवायला तयार आहेत, पण ते पैसे धाकट्या बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेले आहेत. अम्मी म्हणते, ‘माझा खांदा राहू दे, आधी तिचे लग्न होऊ दे.’ डॉक्टरसाहेब, आम्ही काय करावे?”

मी अम्मींना तपासलेले नाही. त्यामुळे त्यांच्या खांद्याबद्दल अंतिम शब्द माझा असू शकत नाही. पण पत्रात ज्या शस्त्रक्रियेचे वर्णन आहे, नेमक्या त्याच शस्त्रक्रियेवर गेल्या काही वर्षांत मोठे आणि प्रामाणिक संशोधन झाले आहे. ते आपल्या घरांपर्यंत पोहोचलेले नाही. अम्मींसारखा प्रश्न अनेक घरांत असल्याने आजचा लेख त्यावरच.

आधी एक कबुली देतो. पंधरा वर्षांपूर्वी माझ्या दवाखान्यात असा रुग्ण आला की मीही त्याला निश्चिंतपणे सर्जनकडे पाठवत असे. “छोटीशी दुर्बिणीची शस्त्रक्रिया आहे, हाडाचा टोचणारा भाग काढतील, बरे वाटेल,” असे सांगत असे. बहुतेकांना बरे वाटलेही. त्यामुळे माझा विश्वास वाढत गेला. बरे वाटण्याचे कारण शस्त्रक्रियाच होती का, हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारला नाही.

खांद्यात नेमके काय असते?

खांद्याचा सांधा म्हणजे उथळ बशीवर ठेवलेला चेंडू. दंडाच्या हाडाचे गोल डोके हा चेंडू आणि फऱ्याच्या हाडाची खोबण ही बशी. बशी उथळ असल्यामुळेच हात सगळ्या दिशांना फिरतो. पण त्यामुळेच चेंडू जागेवर धरून ठेवण्यासाठी चार स्नायू लागतात. त्यांच्या कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्या, चेंडूभोवती एखाद्या बाहीच्या कफसारख्या गुंडाळलेल्या असतात. म्हणून त्यांना ‘रोटेटर कफ’ म्हणतात. बोलीभाषेत आपण ज्याला ‘शीर’ म्हणतो ती हीच कंडरा.

या कंडरांच्या वर हाडाचे एक छप्पर आहे. खांद्याच्या टोकावर बोट ठेवले की लागते ते कठीण हाड म्हणजे हे छप्पर. त्याचे नाव ‘ॲक्रोमियन’. छप्पर आणि कंडरा यांच्यामध्ये एक पातळ, ओलसर पिशवी असते, त्यामुळे घर्षण होत नाही. हात बाजूने वर नेताना खांदा दुखू लागला की दुखण्याचे मूळ बहुधा याच अरुंद जागेत असते.

एका कल्पनेचा प्रवास

१९७२ मध्ये अमेरिकेतील सर्जन चार्ल्स नीर यांनी एक विचार मांडला. छपराचे हाड पुढे किंवा खाली झुकलेले असेल तर हात उचलताना कंडरा त्याखाली चिरडली जाते, हळूहळू झिजते आणि शेवटी फाटते. मग उपाय सरळ होता : छपराची खालची बाजू तासून जागा मोकळी करायची. कल्पना डोळ्यांसमोर सहज उभी राहते. दार चौकटीला घासते, सुतार रंधा मारतो, दार सुटते. रुग्णाला समजावणेही सोपे. पुढे दुर्बीण आली, मोठ्या छेदाची गरज राहिली नाही आणि ही शस्त्रक्रिया जगभर पसरली. इंग्लंडमध्ये २०००-०१ साली अशा सुमारे अडीच हजार शस्त्रक्रिया झाल्या होत्या. २००९-१० साली हा आकडा २१ हजारांच्या वर गेला.

एवढ्या वर्षांत एक गोष्ट मात्र कोणी नीट केली नव्हती. हाड तासल्यामुळेच रुग्ण बरा होतो का, हे कसोटीला लावून पाहिले नव्हते.

कसोटी

ही कसोटी लावण्यात सर्जन स्वतःच पुढे होते, हे मुद्दाम सांगायला हवे. ऑक्सफर्डचे डेव्हिड बिअर्ड, अँड्र्यू कार आणि त्यांचे सहकारी यांनी ब्रिटनमधील ३२ रुग्णालयांतून ३१३ रुग्ण निवडले. या सर्वांचा खांदा किमान तीन महिने दुखत होता, कंडरा आरपार फाटलेली नव्हती आणि व्यायाम व इंजेक्शन आधीच करून झाले होते. म्हणजे एरवी ज्यांना शस्त्रक्रिया सांगितली गेली असती असेच हे रुग्ण.

चिठ्ठी टाकावी तसे त्यांचे तीन गट केले. पहिल्या गटाचे हाड नेहमीप्रमाणे तासले. दुसऱ्या गटाला भूल दिली, दुर्बीण आत घातली, सांधा पाहिला आणि काहीही न तासता बाहेर आले. तिसऱ्या गटाची शस्त्रक्रियाच केली नाही. पहिल्या दोन गटांतील रुग्णांना आपले हाड तासले की नाही, हे सांगितले नव्हते. हे ऐकायला विचित्र वाटते, पण यात फसवणूक नव्हती. असे होऊ शकते हे सगळ्यांना आधी समजावून त्यांची लेखी संमती घेतली होती.

सहा महिन्यांनी प्रत्येकाला बारा प्रश्न विचारले. कपडे घालता येतात का, जेवणाचे ताट एका जागेहून दुसऱ्या जागी नेता येते का, केस विंचरता येतात का, रात्री दुखते का. आपल्या अम्मींच्या तक्रारींसारखेच प्रश्न. ४८ गुण म्हणजे निरोगी खांदा. हाड तासलेल्यांना सरासरी ३२.७ गुण मिळाले. फक्त दुर्बीण घालून बाहेर आलेल्यांना ३४.२. काहीच न केलेल्यांना २९.४.

आकडे नीट पाहा. हाड तासणे आणि न तासणे यांत फरकच पडला नाही. ज्यांचे काहीही कापले नाही त्यांचे गुण उलट किंचित जास्तच. शस्त्रक्रियागृहात गेलेले दोन्ही गट न गेलेल्यांपेक्षा थोडे पुढे होते, पण तो फरक रोजच्या जगण्यात जाणवेल इतका नव्हता. हा अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१८ साली छापला गेला.

त्यावर टीकाही झाली. काही रुग्णांनी वाट्याला आलेला उपचार वेळेत घेतलाच नाही, असा एक आक्षेप होता. पण त्याच वर्षी फिनलंडमधील अभ्यास ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. तेथे २१० रुग्ण होते. त्यांतही हाड तासणे, नुसती दुर्बीण घालून पाहणे आणि देखरेखीखाली व्यायाम असे तीन गट होते. दोन वर्षे पाठपुरावा केला. तिन्ही गटांतील लोकांचे दुखणे बरेच कमी झाले. तासलेले आणि न तासलेले यांत महत्त्वाचा फरक निघाला नाही. पाच वर्षांनी पुन्हा पाहिले, तेव्हाही चित्र तेच.

२०१९ मध्ये तज्ज्ञ आणि रुग्ण यांच्या एका आंतरराष्ट्रीय मंडळाने सगळे पुरावे एकत्र पाहून ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये स्पष्ट शिफारस केली : अशा दुखण्यासाठी, म्हणजे कंडरा आरपार फाटलेली नसताना, हाड तासण्याची शस्त्रक्रिया करू नये.

मग रुग्णांना बरे कशाने वाटले?

माझ्या रुग्णांना बरे वाटले होते, ते खोटे बोलत नव्हते. मग ते कशामुळे?

पहिले कारण काळ. खांद्याचे दुखणे चढते-उतरते. माणूस शस्त्रक्रियेला तयार होतो तो दुखणे शिगेला पोहोचल्यावर. त्यानंतर ते बहुधा उतरणारच असते. श्रेय मात्र त्या सुमारास जो उपचार झाला त्याला मिळते.

दुसरे कारण मनाची खात्री. “आता दोष काढून टाकला” ही भावना वेदना खरोखर कमी करते.

तिसरे कारण मी आपल्या घरांत पाहिलेले आहे. शस्त्रक्रियेनंतर बाईचा हात झोळीत असतो. सगळ्यांना ते दिसते. मग सून भाकऱ्या थापते, मुलगा पाण्याची कळशी उचलतो, पाहुण्यांचे बिर्याणीचे पातेले दुसरे कोणी उतरवते. सहा आठवडे कोणी तिला काम सांगत नाही. फिजिओथेरपिस्ट व्यायाम शिकवतो आणि इतके पैसे खर्च झाल्यामुळे घरातले सगळे तो व्यायाम करवून घेतात. आठ महिने तीच बाई “दुखतंय” म्हणत होती, तेव्हा यातले काही झाले नव्हते. पट्टी बांधलेली दिसली की घर सावध होते. पट्टीशिवाय सावध होता आले तर?

एमआरआयचा कागद

पत्रासोबत भगिनीने रिपोर्टमधील शब्दही लिहून पाठवले आहेत : ‘इम्पिंजमेंट’, ‘पार्शल टेअर’. शिरेला चीर आहे हे वाचून घर हादरले, असे ती लिहिते. हे साहजिक आहे. पण १९९५ साली अमेरिकेत एक अभ्यास छापला गेला. ज्यांचा खांदा अजिबात दुखत नव्हता अशा ९६ लोकांचे एमआरआय काढले होते. त्यांतील ३४ टक्के लोकांच्या कंडरेला कमी-अधिक चीर होती. साठीच्या पुढच्या लोकांत तर निम्म्याहून अधिक, ५४ टक्के. त्यांना याचा पत्ताही नव्हता.

केस पांढरे होतात, चेहऱ्याला सुरकुत्या पडतात, तशाच कंडराही झिजतात. म्हणून अर्धवट चीर दिसली म्हणजे दुखण्याचे कारण सापडलेच, असे नाही. आणि ती शिवल्याशिवाय गत्यंतर नाही, असेही नाही. उपचार कागदावर नव्हे, माणसावर करायचा असतो. हात किती उठतो, ताकद किती आहे, रात्री किती दुखते, दुखणे कसे सुरू झाले, हे सर्व त्या कागदाइतकेच महत्त्वाचे आहे.

‘फिजिओ करून झाले’ म्हणजे काय?

पत्रात लिहिले आहे, “दहा दिवस मशीनचा शेक झाला.” आपल्याकडे अनेक जण यालाच फिजिओथेरपी समजतात. शेकाने तेवढ्यापुरता आराम मिळतो. पण अशक्त झालेल्या स्नायूंना ताकद येते ती व्यायामाने, आणि त्याला आठवडे लागतात. दहा दिवस मशीन लावून “फिजिओचा उपयोग झाला नाही” असे म्हणणे म्हणजे तांदूळ भिजत घालून “भात झाला नाही” म्हणण्यासारखे आहे.

“तालुक्याचे ठिकाण तीस किलोमीटर. रोज कोण नेणार?” हा आपल्या भगिनींचा खरा अडसर. याबाबत ‘ग्रास्प’ नावाच्या ब्रिटिश अभ्यासाचा निष्कर्ष आपल्यासाठी दिलासा देणारा आहे. रोटेटर कफच्या दुखण्याचे ७०८ रुग्ण त्यात होते. एका भागाला फिजिओथेरपिस्टने सोळा आठवड्यांत सहा वेळा बोलावून व्यायाम दिला. दुसऱ्या भागाला एकदाच, तासाभराची नीट बैठक दिली. दुखणे समजावले, घरी करायचे सोपे व्यायाम शिकवले, पुस्तिका दिली. वर्षभरात दोन्हींचा फायदा सारखाच आढळला. काहींना सुरुवातीला स्टेरॉइडचे इंजेक्शनही दिले होते. त्याने पहिल्या काही आठवड्यांत थोडा आराम पडला, पण वर्षाच्या शेवटी त्याचाही वेगळा फायदा दिसला नाही.

२०२१ साली छापलेल्या या अभ्यासाचा आपल्यासाठी अर्थ असा : दर दिवसाआड तालुक्याला जाणे जमत नसेल तर हताश होऊ नका. एकदा चांगल्या फिजिओथेरपिस्टकडे जा, व्यायाम नीट शिकून घ्या, मोबाइलवर त्याचे चित्रण करून ठेवा आणि घरी नेमाने करा.

बहुधा शिकवले जाणारे व्यायाम साधारण असे असतात :

१. टेबलावर चांगला हात टेकून पुढे वाका. दुखरा हात सैल सोडा आणि घड्याळाच्या लंबकासारखा हळू झुलवा. एक-दोन मिनिटे.

२. भिंतीसमोर उभे राहून बोटांनी भिंत चढा, मुंगी चढते तशी. जिथपर्यंत पोहोचाल तेथे पेन्सिलीने खूण करा. आठवड्याने खूण किती वर सरकली ते पाहा. अम्मींना धीर देणारी याहून चांगली गोष्ट नाही.

३. पाठीवर झोपून दोन्ही हातांनी काठी किंवा मिटलेली छत्री धरा. चांगल्या हाताच्या आधाराने दुखरा हात डोक्याकडे न्या आणि परत आणा. दहा वेळा.

४. भिंतीला बाजू करून उभे राहा, दुखरा हात भिंतीकडे. कोपर अंगाला चिकटलेले आणि काटकोनात वाकवलेले. मनगटाची बाहेरची बाजू भिंतीवर दाबा. हात हलता कामा नये, फक्त जोर लावायचा. पाच ते दहा सेकंद, दहा वेळा. ताकद आली की फिजिओथेरपिस्ट रबरी पट्टा किंवा पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली घ्यायला सांगतात.

व्यायाम करताना थोडे दुखणे चालते. दुसऱ्या सकाळी दुखणे वाढलेले असेल तर व्यायाम कमी करा, बंद करू नका. किमान बारा आठवडे धीर धरा. रात्री दुखऱ्या हाताखाली एक उशी ठेवा. रोज लागणारे डबे वरच्या फळीवरून कमरेच्या उंचीवर आणा. मात्र नुकतीच पडझड झाली असेल, हाड मोडले असेल किंवा सांधा निखळला असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातले काहीही करू नये.

मधुमेह असेल तर

अम्मींना मधुमेह आहे की नाही, हे पत्रात नाही. त्यांची साखर तपासलीच पाहिजे. कारण खांद्याचा आणखी एक आजार आहे, ‘फ्रोझन शोल्डर’, म्हणजे गोठलेला खांदा. हे नाव बोस्टनचे सर्जन कॉडमन यांनी १९३४ साली दिले. चाळीस ते साठ या वयात, स्त्रियांत थोडा अधिक आणि मधुमेहींमध्ये बराच अधिक आढळतो. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार आपल्या देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत, तेव्हा हा आजार किती घरांत असेल याचा अंदाज करा.

दोन आजारांतला फरक घरीही थोडा कळतो. कंडरेचे दुखणे असेल तर अम्मींना स्वतः हात उचलता येत नाही, पण दुसऱ्याने हळूच उचलला तर तो बराच वर जातो. गोठलेल्या खांद्यात दुसऱ्याने उचलला तरी हात एका जागी अडतो. कोपर अंगाला लावून पंजा बाहेरच्या बाजूला वळवायला सांगा. तेही जमत नाही. अर्थात खात्री डॉक्टरांनीच करायची.

गोठलेला खांदा बहुधा एक ते तीन वर्षांत पुष्कळसा मोकळा होतो. त्यावरही ब्रिटनच्या ३५ रुग्णालयांत ५०३ रुग्णांचा अभ्यास झाला, २०२० साली तो प्रसिद्ध झाला. दुर्बिणीने आकसलेले आवरण कापणे, भूल देऊन हात हलवून सांधा मोकळा करणे आणि इंजेक्शनसह शिस्तबद्ध फिजिओथेरपी असे तीन मार्ग होते. वर्षाअखेर ४८ पैकी गुण अनुक्रमे ४०.३, ३८.३ आणि ३७.२. कोणताही मार्ग इतरांहून ठळकपणे सरस ठरला नाही. गंभीर त्रासाच्या दहा घटना घडल्या, त्यांतील आठ आवरण कापण्याच्या गटात होत्या. म्हणून सुरुवात सोप्या मार्गाने करावी.

मधुमेहींनी एक लक्षात ठेवावे. खांद्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन घेतले की काही दिवस साखर वाढते. इंजेक्शन देणाऱ्याला आपला मधुमेह आवर्जून सांगा, त्या आठवड्यात साखर वारंवार तपासा. रमजानचे रोजे चालू असतील तर आधी आपल्या डॉक्टरांशी बोलून घ्या.

शस्त्रक्रिया केव्हा लागते?

हा लेख वाचून कोणी “खांद्याची शस्त्रक्रिया म्हणजे थोतांड” असे म्हणू नये. वर सांगितलेले निष्कर्ष हाड तासण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल आहेत. पुढील गोष्टी वेगळ्या आहेत.

पडल्यावर किंवा झटका बसल्यावर अचानक हात उचलताच येत नसेल तर कंडरा आरपार फाटलेली असू शकते. यात वेळ दवडू नका. महिनोन्‌महिने शेकत बसलात तर स्नायू आकसतो आणि मग शिवणे अवघड होते.

वयोमानाने कंडरा आरपार फाटली असेल तर प्रश्न बारकाईचा आहे. फिनलंडच्या एका अभ्यासात ५५ वर्षांवरील लोकांच्या लहान चिरांमध्ये शिवणे आणि केवळ व्यायाम यांत दोन वर्षांपर्यंत विशेष फरक दिसला नाही. पण नॉर्वेच्या १०३ रुग्णांच्या अभ्यासात दहा वर्षांनंतर शिवून घेतलेल्यांचा खांदा अधिक चांगला आढळला. म्हणजे वय, कामाचे स्वरूप आणि चिरेचा आकार पाहूनच निर्णय घ्यावा.

तरुण मुलाचा खांदा क्रिकेट, कबड्डी खेळताना निखळला तर तो पुन्हा निखळण्याची शक्यता मोठी असते. वारंवार निखळत असेल तर शस्त्रक्रियेचा खरा उपयोग होतो. निखळलेला खांदा हाडवैद्याकडून किंवा मित्रांकडून ओढून बसवून घेऊ नका, मज्जातंतू आणि रक्तवाहिनी तेथूनच जातात.

वयस्कर माणूस मोरीत घसरून दंडाचे हाड खांद्यापाशी मोडले, तर प्रत्येक वेळी प्लेट घालावीच लागते असे नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या २५० रुग्णांच्या ब्रिटिश अभ्यासात हाड सरकलेले असूनही शस्त्रक्रिया आणि झोळी यांचा दोन वर्षांतील निकाल सारखाच होता. मात्र कोणते मोडणे कसे आहे हे सर्जननेच ठरवायचे.

सांधा लाल, गरम होऊन ताप येत असेल, वजन घटत असेल किंवा खांद्यावर गाठ असेल तर लगेच दाखवा. आणि डाव्या खांद्यात कळ, सोबत घाम, छातीत दाब, धाप असेल तर खांद्याचा विचारही करू नका. थेट रुग्णालय गाठा, ते हृदयाचे दुखणे असू शकते.

सर्जनना काय विचारावे?

आपल्याकडे डॉक्टरांना प्रश्न विचारणे उद्धटपणाचे समजले जाते. तसे नाही. अदबीने विचारा, चांगला सर्जन आनंदाने उत्तर देईल.

एक, कंडरा आरपार फाटली आहे की अर्धवट? दोन, तुम्ही फक्त हाड तासणार की कंडरा शिवणार? तीन, तीन महिने नीट व्यायाम करून पाहिला तर काही नुकसान आहे का? चार, शस्त्रक्रियेनंतर किती आठवडे हात झोळीत आणि किती महिने व्यायाम?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर “नुकसान नाही” असे आले, तर तुमचा निर्णय अर्धा झालाच. “नुकसान आहे” असे आले तर कारण विचारा, आणि शक्य असल्यास दुसऱ्या सर्जनचेही मत घ्या.

पत्र लिहिणाऱ्या बहिणीस

बेटी, तू पाठवलेल्या मजकुरावरून तरी अम्मींचा खांदा पडून किंवा झटक्याने दुखावलेला दिसत नाही, कंडरा आरपार फाटल्याचा उल्लेख नाही आणि खरा व्यायाम अजून झालेलाच नाही. तेव्हा हे चार प्रश्न घेऊन सर्जनकडे परत जा. साखर तपासून घे. फिजिओथेरपिस्टकडे एकदा स्वतः सोबत जा आणि व्यायाम तूही शिकून घे, कारण अम्मी एकट्या करणार नाहीत. आई स्वतःसाठी वेळ काढत नसते, तो तिला काढून द्यावा लागतो.

भाईजानला सांग की पैसे सध्या राहू देत. गरज पडली तर बघता येईल. पण “अम्मीचा खांदा राहू दे” हे मात्र मान्य करू नका. बारा आठवडे घरातल्या सगळ्यांनी असे वागा, जणू अम्मींची शस्त्रक्रिया झाली आहे आणि हात झोळीत आहे. पाणी कोण भरणार, भाकऱ्या कोण थापणार, वरचे डबे कोण उतरवणार, संध्याकाळी भिंतीजवळ त्यांच्यासोबत कोण उभे राहणार, हे आजच ठरवा. नमाजला हात जेवढा सहज उठेल तेवढाच उचलावा, सज्दा दुखत असेल तर खुर्चीवर बसून नमाज अदा करावी.

बारा आठवड्यांनी भिंतीवरच्या पेन्सिलीच्या खुणा मोजून मला पुन्हा पत्र लिही. खुणा वर सरकल्या नसतील, तरीही लिही. मग पुढचा मार्ग पाहू.

अल्लाह तुझ्या अम्मींना आणि सर्व आजारी बंधू-भगिनींना शिफा देवो. आमीन.